आधी माश्या, मग मॅन्टिस

वाचकाचे पत्र, थोडक्यात: इंग्लंडच्या मध्य भागातील एका शहरात राहणाऱ्या वाचक भगिनींनी हे पत्र लिहिले आहे. त्या आणि त्यांचे यजमान दोघेही नोकरी करतात, आणि त्यांना अकरा वर्षांची एकुलती एक मुलगी आहे. शाळेत निरनिराळे प्राणी दाखवायला आलेल्या गृहस्थांनी मुलांच्या तळहातावर एक ‘घोस्ट मॅन्टिस’ ठेवला होता. हा आफ्रिकेतला छोटा प्रार्थनाकीटक वाळक्या पानाच्या तुकड्यासारखा दिसतो. तेव्हापासून मार्चमधल्या वाढदिवसाला तोच हवा, असा मुलीने ध्यास घेतला आहे. घर शाकाहारी आहे आणि जानेवारीत सहा महिन्यांसाठी येणाऱ्या सासूबाई माळकरी आहेत. ‘जिवंत माश्या कुणाच्या तोंडी द्यायच्या, हे माझ्या घरात मला पाहवणार नाही,’ असे त्या लिहितात. हा कीटक जेमतेम वर्षभर जगतो असे कळल्यामुळे मुलीला त्याच्या मरणाचा धक्का बसेल, अशीही त्यांना भीती वाटते. नाताळच्या सुट्टीत तिघेही तीन आठवडे साताऱ्याकडच्या गावी जाणार आहेत. यजमानांचे म्हणणे असे, की ‘एवढासा किडा, त्याला काय लागते?’ आणि त्यासाठी पौंड मोजण्यापेक्षा आपल्या शेताच्या बांधावरचा खंडोबाचा किडा, म्हणजे तिथलाच प्रार्थनाकीटक, किंवा त्याची अंडी येताना सोबत आणता येतील. वाचक भगिनींना वाटते, की त्यापेक्षा हॅमस्टर घेतला तर निदान तो मुलीला ओळखेल तरी. हो म्हणावे की नाही, हे त्यांना ठरवता येत नाही.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात काळज्या सगळ्या तुमच्या आहेत आणि निश्चिंती सगळी यजमानांची. मला मात्र त्यांच्या निश्चिंतीचीच अधिक काळजी वाटली, म्हणून उत्तराची सुरुवात तिथून करतो. ‘एवढासा किडा, त्याला काय लागते?’ हे वाक्य घोस्ट मॅन्टिसपुरते बरेचसे खरे आहे. पूर्ण वाढ झाल्यावरही तो जेमतेम पाच सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट उंच आणि दुप्पट रुंद अशी जागा त्याला पुरते, म्हणजे वीसेक सेंटिमीटर उंचीचा आणि वरच्या बाजूला जाळी असलेला डबा झाला की काम भागते. आत दोन-चार काटक्या, दिवसाआड पाण्याचा हलका फवारा आणि पंचवीस अंशांच्या आसपासची ऊब, एवढीच त्याची अपेक्षा असते. परंतु हा कीटक हलणाऱ्या, जिवंत भक्ष्यावरच झडप घालतो, आणि ते भक्ष्य आठवड्यातून दोन-तीनदा, कडाक्याच्या थंडीतही, न चुकता मिळत राहावे लागते. त्यामुळे मॅन्टिस पाळणाऱ्या प्रत्येक घरात खरे तर दोन प्रकारचे कीटक पाळले जातात, आणि त्यांतल्या दुसऱ्या प्रकाराचे काम पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

हे दुसरे काम नेमके काय आहे, ते ‘हो’ म्हणण्याआधी घरातल्या सर्वांना ठाऊक असावे. अगदी लहान पिल्लाला फळांवरची चिलटे लागतात. न उडणाऱ्या चिलटांची पैदास झाकणाच्या पेल्यात, यीस्ट मिसळलेल्या लगद्यावर केलेली विकत मिळते. त्या पेल्याला आंबूस वास येतो, काही आठवड्यांत त्यात बुरशी धरते आणि त्याआधी दुसरा पेला तयार ठेवावा लागतो. पिल्लू मोठे झाले की त्याला घरमाश्या आणि हिरव्या-निळ्या माश्या चालतात. इंग्लंडमध्ये त्या मिळवणे सोपे आहे, कारण गळाने मासे धरणाऱ्यांसाठी जी दुकाने असतात तिथे माश्यांच्या अळ्या आणि कोष मापाने विकले जातात. ते तपकिरी कोष थंडाव्यात ठेवले की त्यांची वाढ मंदावते, आणि त्यांतले दहा-बारा काढून उबदार खोलीत ठेवले की काही दिवसांत माश्या बाहेर पडतात. त्या माश्यांनाही साखर किंवा मधाचे पाणी द्यावे लागते, कारण उपाशी माशी खाऊन मॅन्टिसच्या अंगी काही लागत नाही. डब्यात सोडण्यापूर्वी माश्या काही मिनिटे गारठ्यात ठेवल्या की सुस्तावतात, आणि मग चिमट्याने उचलता येतात. अकरा वर्षांच्या मुलीला हे सारे नक्की जमेल. परीक्षेच्या आठवड्यात किंवा ती मैत्रिणीकडे राहायला गेलेली असताना ते कोण करणार, याचे उत्तर मात्र आज तुमच्या घरात कुणाकडे आहे असे पत्रावरून दिसत नाही, आणि माझा अंदाज आहे की ते काम यजमानांकडे न जाता तुमच्याकडेच येईल.

आता तुमच्या मुख्य आक्षेपाकडे येतो. तो मी हलका मानत नाही, आणि तुम्हीही कुणाला तो हसण्यावारी नेऊ देऊ नये. निसर्गात प्रत्येक जीव दुसऱ्यावर जगतो हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. विशेषतः ‘जीवो जीवस्य जीवनम्’ हे वचन यजमानांनी सासूबाईंसमोर फेकू नये, कारण रानात एक कीटक दुसऱ्याला खातो ही गोष्ट वेगळी आणि त्यासाठी आपण विकत आणून, खाऊ-पिऊ घालून माश्या वाढवणे ही गोष्ट वेगळी. या दुसऱ्या गोष्टीत आपला हात असतो. परंतु तुमचे वाक्य मी पुन्हा वाचले, तेव्हा त्यात ‘पाहवणार नाही’ असा शब्द आढळला. तुमचा विरोध मारण्याला आहे, की मारताना पाहण्याला? घरात मुंग्यांची पावडर, पतंगांसाठीच्या चिकट पट्ट्या किंवा स्वयंपाकघरातला फवारा वापरला जात असेल, तर कीटकांचे मरण तुमच्या घराला अगदीच परके नाही. तिथे ते फक्त नजरेआड घडते. मांजर पाळणाऱ्या शाकाहारी घरात डबाबंद मासे येतात, त्यांचेही तसेच असते. हे मी तुम्हाला कोंडीत पकडण्यासाठी लिहीत नाही. उत्तर ‘मारण्यालाच विरोध आहे’ असे आले, तर मुलीला स्पष्ट आणि शांतपणे नाही म्हणा, कारणही तेच सांगा, आणि त्याविषयी अपराधी वाटून घेऊ नका. उत्तर ‘पाहणे नको’ असे आले, तर त्यावर तोडगा निघू शकतो, कारण डबा मुलीच्या खोलीत राहील आणि खाऊ घालणे तिच्याकडे किंवा यजमानांकडे राहील.

कीटकांना वेदना होतात का, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही. इंग्लंड आणि वेल्सचा २००६ चा प्राणीकल्याण कायदा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपुरता आहे. २०२२ च्या दुसऱ्या एका कायद्याने खेकडे, शेवंडे आणि ऑक्टोपस यांच्या गटांनाही संवेदनशील मानले, परंतु कीटक दोन्हींच्या बाहेर राहिले आहेत. म्हणजे इथे कायदा तुमच्या वतीने निर्णय घेणार नाही. माशीच्या बाबतीत एवढे तरी पाळता येते, की दोन दिवसांत खाल्ल्या जातील तेवढ्याच माश्या डब्यात सोडाव्यात आणि त्या डब्यात उपाशी भिरभिरत मरू देऊ नयेत.

सासूबाईंविषयी मला एक वेगळीच शंका आहे. त्यांना हे चालणार नाही असे तुम्ही गृहीत धरले आहे. त्यांना विचारल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. शेतात आयुष्य गेलेल्या बाईने खंडोबाचा किडा पिकावर बसून अळ्या खाताना अनेकदा पाहिलेला असतो, आणि माळ गळ्यात असली तरी शेतातल्या जीवांचे व्यवहार त्यांना आपल्यापेक्षा जवळून माहीत असतात. कदाचित त्या नाही म्हणतील; परंतु ते नाही त्यांचे असेल, तुम्ही त्यांच्या नावावर मांडलेले नसेल. सुट्टीत गावी गेल्यावर निवांत वेळी त्यांना विचारा, आणि शक्यतो नातीलाच विचारू द्या. एक गोष्ट मात्र त्यांना न विचारताही पाळायला हवी: ज्या फ्रिजमध्ये नैवेद्याचे दूध आणि दही आहे, त्यात माश्यांच्या कोषांचा डबा ठेवायचा नाही. इंग्लंडच्या हिवाळ्यात न तापवलेले गॅरेज किंवा मागची शेड त्या कामाला पुरते. तसेच मॅन्टिसचा डबा देवघराजवळ नको, कारण उदबत्ती-धुपाचा धूर त्याच्या डब्यात कोंडू नये. आणि डासांसाठी भिंतीत खोचायचे औषध किंवा कीटकनाशक फवारा त्या खोलीत वापरायचाच नाही, कारण माशीला मारणारे औषध मॅन्टिसलाही मारते.

हॅमस्टर ‘निदान ओळखेल तरी’ हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. मॅन्टिस ओळखणार नाही. तो हातावर चढेल, बोटावरून चालत जाईल, पण ते बोट कुणाचे आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. तरीही मुलीला ओळखणारा प्राणीच हवा आहे, हे कशावरून? शाळेत तिने आणखीही प्राणी पाहिले असणार, आणि त्यांतून निवडला तो जवळजवळ न हलणारा, पानासारखा दिसणारा कीटक. तिला पाहण्याची आवड असेल, तर लाड करून घेणारा प्राणी तिला देण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय हॅमस्टर दिवसा झोपतो, रात्री चाक फिरवतो, हाताळणे आवडले नाही तर चावतो, आणि तोही दोन-तीन वर्षेच जगतो.

पाहण्यासारखे मात्र मॅन्टिसमध्ये पुष्कळ आहे. घोस्ट मॅन्टिस चालताना वाऱ्यावर हलणाऱ्या पानासारखा मागेपुढे डुलतो, मग एकाएकी थांबतो, आणि कितीतरी वेळ तसाच राहतो. आपण डब्याच्या बाजूने सरकलो तर त्याच्या डोळ्यांतला काळा ठिपका आपल्या मागे सरकत येतो. तो आपल्याला निरखतो आहे असे वाटते, पण तो ठिपका म्हणजे बुबुळ नव्हे. संयुक्त डोळ्याच्या ज्या बारीक नळ्या नेमक्या आपल्या दिशेने रोखलेल्या असतात, त्या काळ्या दिसतात एवढेच. अंधार पडला की तेच डोळे पूर्ण गडद होतात. माशी खाऊन झाल्यावर तो पुढच्या काटेरी पायांचा एकेक काटा तोंडातून ओढून स्वच्छ करतो, मग त्याच पायाने डोळे पुसतो. त्याची नजर किती तल्लख आहे हे पाहण्यासाठी न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड यांच्या गटाने प्रार्थनाकीटकांच्या डोळ्यांवर मधमाश्यांच्या मेणाने इवले हिरवे-निळे चष्मे चिकटवले होते. पडद्यावरची आकृती जवळ असल्याचा भास होताच कीटकांनी तिच्यावर झडप घातली, आणि वस्तू जवळ आहे की दूर हे त्यांना दिसते, असे २०१६ मध्ये त्या गटाने दाखवून दिले. ज्या मुलीला हे वाचून उठून डब्याजवळ जावेसे वाटेल, तिच्यासाठी हा प्राणी आहे. जिला तो उचलून मैत्रिणींना दाखवावासा वाटेल, तिच्यासाठी नाही; कारण घोस्ट मॅन्टिस भित्रा असतो, आणि उंचावरून पडला तर, विशेषतः पोट भरलेली मादी असेल तर, तिचे पोट फुटू शकते. तुमची मुलगी यांपैकी कोणती, हे मला सांगता येणार नाही. तुम्हाला ते आधीच माहीत असेल.

मरणाच्या काळजीत तुम्ही एक वर्षाचे आयुष्य पाहिलेत, पण त्याआधीचा मोठा धोका पत्रात कुठेच आलेला नाही. तो म्हणजे कात टाकण्याचा. पिल्लू प्रौढ होईपर्यंत अनेकदा कात टाकते. त्याआधी एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त, ते खाणे सोडते. अशा वेळी ‘आजारी पडले’ असे समजून त्याला माशी देऊ नये आणि डबाही हलवू नये. मग ते जाळीला मागचे पाय रोवून डोके खाली करून लटकते. डोक्यामागची पाठ उकलते आणि आतले मऊ शरीर हळूहळू खाली घसरू लागते. लांब, ओल्या दोऱ्यासारखे पाय एकामागून एक जुन्या आवरणातून सुटतात. शेवटी ते वळून स्वतःच्याच रिकाम्या कातीला धरते आणि अंग कडक होईपर्यंत तसेच लोंबत राहते. या सगळ्यात जाळी गुळगुळीत असली, जागा बुटकी असली, हवा फार कोरडी असली किंवा खाद्य म्हणून सोडलेला रातकिडा आत राहून त्याने पिल्लाला चावा घेतला, तर पिल्लू वाकड्या पायांनी अडकून बसते. लहान वयात एखादा पाय गमावला तर तो पुढच्या कातींबरोबर पुन्हा येतो. शेवटच्या कातीनंतर मात्र काही भरून येत नाही. सारी काळजी घेऊनही अशी एखादी कात फसते. कीटक पूर्णपणे अडकला आणि सुटण्याची आशा नसली, तर पाळणारे लोक त्याला फ्रीझरमध्ये ठेवून त्याचा शेवट करतात. तो निर्णय मोठ्यांनी घ्यावा; मुलीच्या अंगावर तो टाकू नये.

वर्षाअखेरचे मरण याहून वेगळे असते. म्हातारा मॅन्टिस वरच्या जाळीला नीट धरू शकत नाही, पायांची टोके झडतात, डोळ्यांत काळपट डाग येतात, माशीवरची झडप चुकू लागते. तेव्हा डब्यात काटक्या खालपर्यंत लावाव्यात, आणि चिमट्याने माशी थेट तोंडाशी धरावी. अकरा वर्षांच्या मुलीला हे पेलवणार नाही असे तुम्ही म्हणता. मला वाटते, आधी सांगितले तर पेलवेल. मुलांना फसवल्यासारखे वाटते ते अचानक घडते म्हणून. डबा घरात येण्याआधीच तिला सांगा, की नर प्रौढ झाल्यावर काही महिनेच राहील आणि मादी त्याहून थोडी अधिक. म्हणजे निघून जाण्याचा सुमार तिला पहिल्या दिवसापासून माहीत असेल. ती रडेल, आणि तुम्हालाही थोडे वाईट वाटेल; एवढ्यावरून हा प्राणी नाकारायचा असेल तर हॅमस्टरही नाकारावा लागेल.

नर की मादी, हे विकणाऱ्याला विचारून घ्या. मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला सहा पट्टे मोजता येतात, नराच्या आठ. शिवाय घोस्ट मॅन्टिसच्या नराच्या डोक्यावरचा तुरा बारीक आणि दातेरी, तर मादीचा रुंद असतो. नराला पंख फुटले की तो उडतो, म्हणून झाकण उघडताना खिडकी बंद असावी. मुलीच्या मैत्रिणींनी मादी नराला खाते असे सांगितले असेलच. काही जातींत, विशेषतः मादी भुकेली असेल तर, तसे घडते, पण तुमच्या घरी एकच कीटक राहणार असल्याने तो प्रश्न उद्भवत नाही. एकटी मादीही अंड्यांच्या पेट्या घालते. पिल्लू असल्यापासून ती तुमच्याकडे असेल, तर ती अंडी निष्फळ असतात.

आता सामानातून आणण्याच्या कल्पनेविषयी. ती सोडून द्या. जिवंत कीटक सीमेपलीकडे नेण्यावर दोन्ही देशांचे नियम लागू होतात, आणि कपड्यांच्या घडीत अंड्यांची पेटी लपवून नेणे म्हणजे विमानतळावर अडचण ओढवून घेणे आहे. भारतात कीटक गोळा करण्याकडे किती गांभीर्याने पाहिले जाते याचे एक उदाहरण देतो: २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगलीला राष्ट्रीय उद्यानात परवानगी न घेता कीटक गोळा केल्यावरून दोन झेक नागरिकांना अटक झाली होती. तुमच्या शेताचा बांध राष्ट्रीय उद्यान नाही हे खरे, पण कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहाराने ही कल्पना टिकत नाही. एका पेटीतून शंभराच्या आसपास पिल्ले एकाच सकाळी बाहेर पडू शकतात, आणि प्रत्येकाला चिलटे लागतात. रानातून आणलेल्या पेट्यांत पुष्कळदा परोपजीवी इवल्या गांधीलमाश्यांनी अंडी घातलेली असतात, आणि मॅन्टिसची वाट पाहणाऱ्या मुलीसमोर त्याच बाहेर येतात. त्यापेक्षा इंग्लंडमध्येच पैदास झालेले पिल्लू घ्या. हौशी कीटकप्रेमींची तिथली जुनी संस्था, १९३५ साली स्थापन झालेली अॅमॅच्युअर एंटोमॉलॉजिस्ट्स सोसायटी, दरवर्षी प्रदर्शन भरवते. तिथे पाळणारे लोक प्रत्यक्ष भेटतात आणि प्रश्नांना उत्तरे देतात.

महाराष्ट्रातूनही अशी पत्रे येतात. समाजमाध्यमांवर ‘इंपोर्टेड’ ऑर्किड मॅन्टिस विकायला ठेवलेला पाहून कुणा पालकाला तो मागवावासा वाटतो. त्यांच्यासाठी माझे उत्तर निराळे आहे. परदेशातून जिवंत कीटक भारतात आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांचा परवाना लागतो. विक्रेत्याकडे तो मागा, आणि त्याने विषय बदलला तर तुम्हीही विचार बदला. भारतात प्रार्थनाकीटकांच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. पावसाळा सरता सरता अंगणातल्या दिव्यापाशी येणारा हिरवा मॅन्टिस जाळीच्या डब्यात तीन-चार दिवस ठेवून पाहा आणि जिथे सापडला तिथेच सोडा. मुलाचा उत्साह महिनाभर टिकतो की नाही, हे तेवढ्यात कळते, आणि कीटकाचेही फार नुकसान होत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र ‘सोडून देणे’ हा पर्याय मुळीच नाही, आणि हे मुलीला नीट समजावून सांगा, कारण मऊ मनाच्या मुलांना तोच मार्ग दयेचा वाटतो. ब्रिटनमध्ये प्रार्थनाकीटकाची एकही मूळची जात नाही, आणि १९८१ च्या वन्यजीव आणि ग्रामीण प्रदेश कायद्याने तिथला नसलेला प्राणी मोकळा सोडणे हा गुन्हा ठरतो. घोस्ट मॅन्टिस बागेतल्या थंडीत मरेल. जिथे हवा मानवते तिथे याहून वाईट घडते: न्यूझीलंडमध्ये १९७८ च्या सुमारास ऑकलंडला दक्षिण आफ्रिकेतला एक मॅन्टिस आढळला, तो पसरत गेला, आणि आता तिथल्या मूळ जातीचे नर त्या परक्या माद्यांच्या गंधाला भुलून त्यांच्याकडे जातात आणि खाल्ले जातात.

सुट्टीचा प्रश्न या वर्षापुरता तरी नाही, कारण मॅन्टिस घ्यायचा झाला तरी वाढदिवसाला घ्यायचा आहे. नाताळला त्याची घाई कुणीही केलेली नाही. थंडीत टपालाने पिल्लू मागवणे तसेही शहाणपणाचे नव्हे. मादी घेतली आणि पुढच्या नाताळी ती हयात असली, तर तीन आठवडे तिला एकटे ठेवता येणार नाही. भरपेट खाल्लेला प्रौढ मॅन्टिस आठवडाभर माशीवाचून राहू शकतो, पण पाण्याचा फवारा त्यालाही हवा. म्हणून शेजारी किंवा शाळेतले विज्ञानाचे शिक्षक यांपैकी कुणी आठवड्यातून दोनदा माशी उचलायला तयार आहे का, हे विकत घेण्याआधीच विचारून ठेवा. पुष्कळ लोक मॅन्टिस सांभाळायला हो म्हणतात आणि माश्यांचा डबा पाहिल्यावर मागे हटतात.

यावरून माझी सूचना तुमच्या लक्षात आली असेल. गावाहून परतल्यावर, फेब्रुवारीभर, मुलीला मॅन्टिसवाचून फक्त माश्या पाळू द्या. मासेमारीच्या दुकानातून मूठभर कोष, जाळीचा एक पिंजरा, साखरपाणी आणि ओला कापूस. दर चार दिवसांनी नवे कोष उबेला ठेवायचे, मेलेल्या माश्या काढायच्या, पिंजरा धुवायचा, आणि एखादी खोलीत सुटली तर ती तिनेच पकडायची. तुम्ही यात मदत करायची नाही. फक्त ती किती वेळा विसरते हे पाहायचे. उरलेल्या निळ्या माश्या बागेत सोडल्या तरी चालतात, कारण त्या तिथल्याच आहेत, आणि या महिन्यात कुणाचाही जीव कुणाच्या तोंडी जाणार नाही, त्यामुळे सासूबाईंनाही आपले मत बनवायला सवड मिळेल. महिना नीट पार पडला, तर चौथ्या किंवा पाचव्या कातीपर्यंत पोचलेले पिल्लू घ्या, म्हणजे चिलटांचे पेले फारसे सांभाळावे लागणार नाहीत; ते शेवटचे कधी जेवले आणि शेवटची कात कधी टाकली, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. डबा, जाळी आणि उबेची सोय पिल्लू येण्याच्या आठवडाभर आधी लावून तापमान पाहून ठेवा. महिना पार पडला नाही, तर वाढदिवसाला चांगले भिंग द्या, आणि मॅन्टिसची गोष्ट पुढच्या वर्षी ती स्वतः काढते का ते पाहा.